परत दिलेले पाय

दादांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नव्हतं. ते माझ्या पायांकडे पाहत होते.

मी तेव्हा त्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. रोज जाता-येता एक दुकान लागायचं. रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली, अर्धं जमिनीत. त्याची खिडकी पदपथाला लागून होती, त्यामुळे आतल्या माणसाला बाहेरच्यांची फक्त पावलं दिसत. एका दुपारी शाळा सुटल्यावर त्या पायऱ्या चढून एक माणूस वर आला. कमरेला कातड्याचा जाड पट्टा, हातात कातडं कापायची रापी, आणि नजर खाली.

"बाई, थांबा जरा. दोष तुमच्या पायात नाही, बुटात आहे."

माझं अंग तापलं. लहानपणीच्या एका तापात माझा उजवा पाय बारीक राहिला आणि बोटभर आखूड झाला. घराबाहेरच्या कोणीही त्याचा उल्लेख माझ्या तोंडावर केला नव्हता. लोक बघत आणि चटकन दुसरीकडे बघत. मी तयार बूट घ्यायची, उजव्यात कापूस कोंबायची आणि चालायची.

"तुम्हाला कोणी विचारलं होतं का?" मी वर्गातल्या आवाजात म्हणाले.

"नाही. पण शाळा उघडल्यापासून बघतोय. उजवा पाय रोज रुसून चालतो. समजूत काढायला हवी त्याची."

तेवढ्यात आतून एका बाईचा आवाज आला, "अहो, परक्या बाईच्या पायाकडे किती वेळ बघणार? एक तर तिला आत आणा, नाहीतर तुम्ही तरी या!" पाठोपाठ हसू. त्या वहिनी. दादांच्या बायको, आणि त्यांच्या कामातल्या अर्ध्या वाटेकरी. वरच्या कातड्याची शिलाई मशीनवर त्या करत, तळवा आणि टाच दादा.

मी रागातच आत गेले. दादांनी मला लाकडी खुर्चीत बसवलं, पाय कागदावर ठेवायला लावला, पेन्सिल फिरवली. मग पेन्सिल बाजूला ठेवून डोळे मिटले आणि दोन्ही हातांच्या बोटांनी माझा पाय चाचपला. घोटा, टाच, चवडा, मग एकेक बोट. आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपेल तसा. मला संकोच वाटायला हवा होता. वाटला नाही. डॉक्टरांनी त्या पायाला हात लावला की तो पाय आजारी असायचा. या माणसाच्या हातात तो नुसता पाय होता.

त्यांनी त्या पायांचे फरमे केले. फरमा म्हणजे पायाच्या मापाचा लाकडी पाय, ज्याच्यावर कातडं ताणून बूट बांधतात. तयार बुटांच्या कारखान्यात एका नंबरचा एकच फरमा हजार पायांना चालतो. दादांकडे ज्याचा पाय त्याचा फरमा. टणक लाकूड पटाशीने आणि कानशीने कोरायचं, मध्येमध्ये डोळे मिटून बोटं फिरवायची. पाय बदलला, हाड वर आलं, कुरूप झालं, की फरम्यावर तिथे कातड्याचा तुकडा ठोकायचा. दुकानाच्या मागच्या भिंतीवर असे फरमे जोडी-जोडीने टांगलेले असत, खालपासून छतापर्यंत. प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नसे, खूण असे. 'वकील, घाईत.' 'बेकरी, दिवसभर उभा.' 'औषधवाले, हळवी टाच.' माझी चिठ्ठी मी पुढच्या वेळी गेले तेव्हा वाचली. 'बाई, रागीट.'

"हे काय लिहिलंत?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशीचं आहे," दादा म्हणाले. "नंतरचा अनुभव वेगळा असेल तर बदलू."

"बदलू नका हो," मशीनमागून वहिनी म्हणाल्या, "अजून तरी काही फरक दिसत नाही."

चिठ्ठी तशीच राहिली. माझी सगळी नोकरी मी त्यांच्या बुटांत केली. त्या बुटांत मी लंगडत नव्हते असं नाही, पण थकत नव्हते. आणि मुलींनी मला ठेवलेलं टोपणनाव पायावरून नव्हतं, चष्म्यावरून होतं. शिक्षकाला यापेक्षा मोठं सुख नाही.

दादा-वहिनींना मूलबाळ नव्हतं. दुकानाच्या मागेच त्यांच्या दोन खोल्या. दादा शांत, वहिनी तिखट. तो संसार मी वर्षानुवर्षं खुर्चीत बसून ऐकला.

मग दादांची पाठ दुखायला लागली.

बुटाचं काम वाकून करायचं, त्यात पाठ दुखणारच, असं सगळ्यांनीच धरलं. त्यांनी स्टूल बदललं. वहिनींनी उशी शिवली. औषधवाल्यांनी मलम दिलं. दादा हळूहळू उंचीने कमी झाल्यासारखे दिसायला लागले. शेवटी एकदा नुसत्या खोकल्याने त्यांची बरगडी मोडली आणि मग तपासण्या झाल्या. रक्ताचा कॅन्सर, हाडांच्या मगजात शिरलेला. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी वहिनींना बाहेर बसवून दादांना सांगितलं, साधारण वर्षभर धरा.

रस्त्याला ही बातमी कळली आणि रस्त्याचा आवाज खाली गेला. लोक 'ते' म्हणायचे. "दादांना ते झालंय म्हणे." एकदा मी दुकानात असताना औषधवाले आले. हे औषधवाले म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक. सगळ्या रोगांची नावं दिवसभर त्यांच्या तोंडात, पण तेही चाचरले.

"म्हणजे ते... काय म्हणतात ते..."

"कॅन्सर म्हणतात त्याला," दादा म्हणाले. "म्हणा. चावत नाही."

शेजारणी वहिनींना एका बाजूला घेऊन विचारायच्या, "काही खात होते का हो? तंबाखू वगैरे?"

"शिव्या खायचे," वहिनी म्हणायच्या. "माझ्या. त्याने होतो का, विचारून सांगते डॉक्टरांना."

पण शेजारणी गेल्यावर त्या मशीनचं चाक हाताने थांबवून तशाच बसायच्या. कोणीतरी म्हणालं, कातडं चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने होतो. दोन आयांनी आपल्या मुलांचे बूट पुढच्या वेळी बाजारातून आणले. लोक वाईट नव्हते. त्यांना दादांविषयी माया होती. पण प्रत्येकाला या आजाराचं काहीतरी कारण हवं होतं, म्हणजे ते कारण आपल्या घरात नाही एवढी खात्री करून घेऊन झोपता येतं.

वकीलसाहेबांची तऱ्हा निराळी. ते नेहमी घाईत. दारातून अर्धे आत येऊन मूठ उगारायचे. "दादा, लढायचं! हार मानायची नाही!"

"वकीलसाहेब," दादा म्हणायचे, "मी नुसता खुर्चीत बसतो. वर बाटली असते, तिच्यातून थेंब पडतात. लढायचं ते थेंब लढतात. मी आपला छताकडे बघतो."

असं बोलणारा माणूस, पण त्यांनी डॉक्टरांचं 'वर्षभर' मात्र फार मनावर घेतलं. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. दादांचे वडीलही हेच काम करायचे. ते अचानक गेले. त्यांच्यामागे घरात लाकडी पायांचा ढीग उरला आणि कोणाचे कोणते ते कुणाला कळेना. काकांनी ते फरमे बंबात घातले. "लोकांच्या पायांवर आम्ही आंघोळीचं पाणी तापवलं, बाई," दादा मला म्हणाले होते. "कितीतरी दिवस. मी लहान होतो. पाणी मस्त कढत असायचं, म्हणून जास्तच लक्षात राहिलं."

म्हणून त्यांनी ठरवलं, आपण असताना ज्याचे फरमे त्याला परत करायचे.

वहिनी कडाडल्या. मी समोर होते.

"माणूस जायच्या आधी दुकान कशाला पोचवताय?"

"ठेव आहे ती लोकांची. उद्या त्यांना दुसरा कारागीर मिळाला तर उपयोगी पडतील."

"दुसरा कारागीर? या गावात? आहे कुठे तो, मला दाखवा. मी त्याच्याकडेच जाते राहायला."

"अगं, तू नंतर काय करणार यांचं? तुला ओळखू येणार आहेत का?"

"ओळखायचं काय त्यात? चिठ्ठ्या आहेत ना? आणि नंतर, नंतर काय लावलंय? आज मंगळवार आहे. आज काय करायचं ते बोला."

दादा हसले, पण त्यांनी ऐकलं नाही. त्या महिन्यापासून त्यांनी नवीन काम घेणं बंद केलं. सकाळी भिंतीवरच्या दोन-तीन जोड्या काढायच्या, धूळ पुसायची, सुटलेले खिळे नीट ठोकायचे, पिशवीत घालायच्या आणि पोचवायला निघायचं. फक्त वहिनींचे फरमे राहिले. त्या म्हणाल्या, "माझे पाय मला परत देताय? मी कुठे ठेवू, डोक्यावर?" आणि त्यांनी ती जोडी खिळ्यावरून काढू दिली नाही.

माझ्याकडे आले तेव्हा जिना चढताना ते प्रत्येक वळणावर थांबत होते. मी वरून ऐकत होते. पावलं, मग शांतता, मग पावलं. दार उघडलं तर हातात पिशवी धरून उभे.

"बाई, तुमचे पाय आणलेत."

मी चहा केला. त्यांनी माझे फरमे टेबलावर ठेवले, वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी. उजव्यावर कातड्याचे किती तुकडे ठोकलेले होते! माझं सगळं वय त्या तुकड्यांत होतं. चिठ्ठी तशीच लटकत होती. दादांनी मला समजावून सांगितलं, दुसरा कोणी कारागीर मिळाला तर त्याला काय सांगायचं. टाच कुठे भरायची, चवडा कुठे सैल ठेवायचा. मी मान हलवत होते. मला एकही शब्द ऐकू येत नव्हता.

"जपून राहा," जाताना ते म्हणाले.

जाणाऱ्या माणसाने राहणाऱ्याला असं सांगावं! मी फक्त त्यांचे हात हातात घेतले. कोरडे, खरखरीत, आणि बोटांची टोकं मात्र लहान मुलासारखी मऊ. मला त्याचं नवल वाटलेलं आठवतं.

घरोघर असंच झालं. बेकरीवाल्याने त्यांना गरम पाव बांधून दिला आणि मागे वळून पिठाच्या हातांनी डोळे पुसले. औषधवाल्यांच्या आईने दृष्ट काढावी तसा चेहऱ्यावरून हात फिरवला. वकीलसाहेब पहिल्यांदाच घाईत नव्हते. दादांनी नंतर, खूप नंतर, मला सांगितलं, "खोटं कशाला बोलू, बाई. बरं वाटत होतं. माणसाला हे सगळं मेल्यावर मिळतं, मला उभ्या-उभ्या मिळालं. रोज सकाळी वाटायचं, आज कोणाकडे जायचं? त्या नादात आजाराचा विसर पडायचा."

भिंत रिकामी झाली. खिळे राहिले, आणि चुन्यावर पावलांचे फिकट ठसे. मधोमध वहिनींची एकच जोडी.

वर्ष संपलं. दादा संपले नाहीत.

झालं असं की इस्पितळात एक नवीन इंजेक्शन सुरू झालं. आठवड्यातून एकदा, पोटात. डॉक्टर म्हणाले, आजार जाणार नाही, पण दबून राहील. किती दिवस, ते या वेळी डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि दादांनी विचारलं नाही. पाठ बरी झाली. गालांवर मांस आलं. दादा पुन्हा रस्त्यावर दिसायला लागले आणि रस्ता गोंधळला.

एकदा निरोप घेऊन झालेल्या माणसाशी काय बोलायचं, याची आपल्याकडे रीत नाही. आजारी माणसाशी बोलायची रीत आहे, बऱ्या झालेल्याशी आहे, गेलेल्याच्या घरच्यांशी आहे. दादा यांपैकी कशातच बसेनात. वकीलसाहेब कोपऱ्यावर समोरासमोर आले आणि त्यांच्या तोंडून गेलं, "अजून आहात?" मग जीभ चावून, "म्हणजे, छान! छान!" असं म्हणत ते घाईत निघून गेले.

औषधवाले विचारायचे, "मग, आता बरे झालात ना?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. आहे."

बेकरीवाल्याला हे उत्तर पुरायचं. "आहात ना? मग झालं," म्हणून तो पाव काढायला वळायचा. बाकीच्यांना पुरत नसे. लढाई जिंकलात म्हणावं तर शत्रू घरातच बसलेला. काहीजण तर, मला सांगायला लाज वाटते, किंचित फसवल्यासारखे वागायचे. आपण एवढं रडलो आणि हा माणूस भाजी घेतोय!

दादांनी दुकान उघडलं. आणि तेव्हा त्यांना कळलं की इंजेक्शनने एक वस्तू काढून घेतली आहे. बोटांची टोकं बधिर झाली होती. आधी मुंग्या, मग जळजळ, मग काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, या औषधाने होतं असं. जीव महत्त्वाचा की बोटं? डॉक्टरांचं बरोबरच होतं.

कातड्याला भोक पाडायची आरी धरता येत होती, हातोडी मारता येत होती. हात डोळ्यांच्या मदतीने सवयीने चालत होते. पण नवा फरमा डोळ्यांनी होत नाही. लाकडावरचा कागदाइतका उंचवटा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना दिसतो. आणि जुने फरमे तर सगळे दिलेले.

दिलेलं परत मागायचं जिवावर आलं, म्हणून त्यांनी नवाच फरमा करून पाहिला. औषधवाल्यांनी आपण होऊन बुटांची मागणी दिली होती. दादांनी त्यांचे नवे फरमे कोरले, त्यावर बूट बांधले. औषधवाल्यांनी बूट घातले, दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "व्वा! अगदी पहिल्यासारखे." दादांचा चेहरा उजळला. वहिनी मला म्हणाल्या, त्या दिवशी हे दोनदा जेवले.

त्यानंतर औषधवाले रोज खिडकीसमोरून जायचे. ताठ, दमदार पावलं. दादा कामावरून मान वर करून बघायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

एके दिवशी वहिनी भाजी घेऊन परत येत होत्या. वळणापलीकडे, दुकानाच्या खिडकीतून दिसत नाही तिथे, एक बाक आहे. त्यावर औषधवाले बसले होते. एक बूट काढलेला, मोजा रक्ताळलेला, टाचेला पट्टी चिकटवत होते. पट्ट्या त्यांच्याच दुकानातल्या, त्यामुळे तोटा नव्हता. मग त्यांनी दात-ओठ खाऊन बूट चढवला, लंगडत वळणापर्यंत आले, तिथे थांबले, श्वास घेतला आणि खिडकीसमोरून ताठ चालत गेले.

वहिनींनी ते घरी येऊन सांगितलं. सांगावं की नाही याचा त्यांनी विचार केला नसेल असं नाही. पण त्या घरात खोटं चालत नसे.

"मेला रोज रक्त काढून घेतोय तुमच्या बुटात. आणि तुम्ही इथे खूश."

दादांनी हातातली हातोडी खाली ठेवली. मग म्हणाले, "हळवी टाच. चिठ्ठीवर लिहिलं होतं मी." मग म्हणाले, "आजारी माणसाने केलेला बूट कोणी परत करत नाही, नाही का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी औषधवाल्यांकडून बूट मागून घेतले. औषधवाले गयावया करत होते, "अहो, सैल होतील हळूहळू..." दादांनी बूट काखेत मारले आणि परत आले.

एकच उपाय उरला होता. जुने फरमे परत मागायचे. बोटं चांगली असतानाचं काम त्या लाकडात होतं. ते मिळालं असतं तर दादा पुन्हा कारागीर झाले असते. नाहीतर ते आयुष्यभर रस्त्याचे आजारी दादा राहणार होते, ज्यांचे बूट चावले तरी कोणी बोलत नाही.

वहिनी माझ्याकडे आल्या. मी तोवर निवृत्त झाले होते. "बाई, तुम्ही जा यांच्याबरोबर. एकटे गेले तर चहा पितील, तब्येतीचं सांगतील आणि हात हलवत परत येतील."

आम्ही दोघं निघालो. मी काठी घेऊन, दादा रिकामी पिशवी घेऊन.

पहिलं घर वकीलसाहेबांचं. त्यांनी हसून स्वागत केलं आणि अभिमानाने आम्हाला अभ्यासिकेत नेलं. टेबलावर दिव्याचा स्टँड होता. खाली दादांनी कोरलेला डावा फरमा, त्याला आरपार भोक पाडून तार काढलेली, वर पिवळी शेड. "उजव्याचा दुसरा केलाय, झोपायच्या खोलीत आहे. रोज वाचताना तुमची आठवण येते." दादांनी दिवा लावून पाहिला, बंद केला. "छान उजेड पडतो," म्हणाले. फरमे मागायला आलोय, हे आम्ही दोघांनीही तिथे सांगितलं नाही.

औषधवाल्यांकडे काचेचं कपाट. त्यात मखमलीवर फरम्यांची जोडी, वर पॉलिशचे इतके हात की तोंड दिसावं. कातड्याचे ठोकलेले तुकडे कुरूप दिसतात म्हणून काढून टाकलेले. खाली पितळेची पट्टी. तिच्यावर कोरलं होतं, 'आमच्या लाडक्या दादांच्या स्मृतीस.' औषधवाल्यांनी ती पट्टी हाताने झाकायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

"राहू द्या," दादा वाकून वाचत म्हणाले. "तारीख घालायची राहिलीय फक्त."

औषधवाले रडायला लागले. दादांनाच त्यांची समजूत काढावी लागली.

असंच होत गेलं. एकीने फुलदाणी केली होती. एकाने रंगवून नातवाच्या खोलीत टांगले होते. ज्यांनी जास्त माया केली त्यांनी जास्त नासवले. भोकं पाडली, घासले, रंगवले, तुकडे उपटले. कारण प्रत्येकाला दादांची आठवण हवी होती आणि दादा परत येऊन फरमा मागतील हे कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. आणि कोणावर रागवावं? देताना दादांनीच तसं सांगितलं होतं ना, की मी जातोय?

बेकरीवाल्याकडे मात्र दुकानाच्या मागच्या दाराला एक फरमा अडसर म्हणून लावलेला, आणि दुसरा पिठाच्या पोत्याखाली, ओल लागू नये म्हणून. बेकरीवाला ओशाळला. "दादा, रागावू नका, हाताशी होते म्हणून..."

दादांनी ते उचलले. पिठाने पांढरे, कडा थोड्या घासलेल्या, पण सगळे तुकडे, सगळे खिळे जागच्या जागी. त्यांनी ते छातीशी धरले. मला वाटतं, त्या सगळ्या फेरीत तेवढ्याच एका वेळी त्यांचे डोळे भरले.

माझे फरमे माझ्या टेबलावर जसेच्या तसे होते. मी त्यांचं काही केलं नव्हतं, कारण काय करावं हेच मला सुचलं नव्हतं. वह्या उडू नयेत म्हणून ठेवायची, नंतर वह्याही येईनाशा झाल्या.

पिशवीत शेवटी फार थोड्या जोड्या आल्या. परतताना आम्ही त्याच वळणावरच्या बाकावर बसलो. दादा आपल्या बोटांकडे बघत होते.

"बाई, मला आजाराचं वाईट वाटत नाही. तो काय, कोणालाही होतो. मला त्या वर्षाचं वाईट वाटतं. इंजेक्शन सुरू व्हायच्या आधीचं. तेव्हा माझी बोटं चांगली होती. पाठ दुखायची, पण बोटं शाबूत होती. ते सगळं वर्ष मी निरोप घेण्यात घालवलं. दोन-तीन तास बसून काम केलं असतं रोज, तर कितीतरी बूट झाले असते. ती म्हणत होती, आज काय करायचं ते बोला."

शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो फळा पुसतो. इथे फळाही नव्हता.

दादांनी पहिले बूट माझे करायला घेतले. आता वय झाल्यावर माझा पाय पुन्हा बदलला होता, हाड आणखी वर आलं होतं. जुन्या फरम्यावर कुठे किती भरायचं ते कळायला हवं होतं. वहिनी म्हणाल्या, "बोटं माझी घ्या." त्या माझ्या पायाशी बसल्या, डोळे मिटले.

"इथे वर आलंय."

"किती?" दादा म्हणाले.

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

"थोडं म्हणजे थोडं! आता काय तराजूत घालू बाईंचा पाय?"

"आमटीत मीठ घालतेस तसलं थोडं, का मला पसारा आवर म्हणतेस तसलं?"

आम्ही तिघं खूप हसलो. पण सांगून ते कळत नाही, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी अंदाजाने तुकडे ठोकले.

बूट झाले. मी घातले. उभी राहिले. दादा माझ्या पायांकडे बघत नव्हते. माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नोकरीत मी काठावरच्या कितीतरी मुलींना सहानुभूतीचे गुण देऊन वर ढकललं होतं. तोंडाशी तेच आलं होतं.

"बाई," दादा म्हणाले, "ग्रेसचे मार्क नकोत."

"चावतो, दादा," मी म्हणाले. "उजवा. अंगठ्यापाशी."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला. "खूप?"

"शाळेपर्यंत जाता येणार नाही. बेकरीपर्यंत जाईन."

"मग बरोबर सांगताय," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्यांच्याशी बुटाबद्दल बोलत होतं. त्यांनी तिथलं कातडं ओलं करून ठोकून सैल केलं. थोडा फरक पडला. पहिल्यासारखे झाले नाहीत, होणारही नव्हते, आणि ते दोघांनाही माहीत होतं. मी ते बूट घेतले. बेकरीपर्यंत जाते.

मागच्या भिंतीवर आता हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच जोड्या आहेत. 'बेकरी, दिवसभर उभा' आहे. वहिनींची मधोमध आहे. माझी त्यांच्या शेजारी आहे. चिठ्ठी जुनीच. बेकरीवाल्याचा पाय आहे तसाच आहे, त्यामुळे त्याला दादा वर्षाला एक जोडी करून देतात. बाकी टाचा बसवणं, शिवण घालणं, तळवे बदलणं. नवे फरमे ते करत नाहीत.

मंगळवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी ते इंजेक्शनला जातात.